खेकड्याच्या माहेरी, जूनच्या अखेरीला

*पत्र: सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं इगतपुरीत राहतो. मी ६४ वर्षांची, शाळेतून निवृत्त झाले. हे ६८, मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते, बरीचशी नोकरी कसारा घाटातच गेली. मुलाने आम्हाला युरोपची सहल द्यायचं ठरवलंय. १८ मेला निघायचं, १४ दिवस, ९ देश, माणशी साडेतीन लाख. जाहिरातीवर ट्यूलिपचं शेत बघून मी हरखले, मला फुलांचं वेड आहे. हे मात्र म्हणतात, "बसच्या खिडकीतून नऊ देश बघण्यापेक्षा मी आपला कसाऱ्याच्या फलाटावर बसेन." नणंद म्हणते, एकदाच जायचं तर सगळं बघून घ्या. ॲडव्हान्स या महिनाअखेर, जानेवारीतच, भरायचा आहे. माझे गुडघे कुरकुरतात आणि आम्ही शाकाहारी. काय करावं?*

ताई, नमस्कार.

वाईट बातमी आधी सांगून टाकते. १८ मेला निघालात तर जाहिरातीतले ट्यूलिप तुम्हाला दिसणार नाहीत. हॉलंडमधली ती प्रसिद्ध बाग, लिसे गावची क्युकेनहॉफ, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होते. वर्षातले जेमतेम आठ आठवडे. तुम्ही पोचाल तेव्हा फाटकाला कुलूप. आजूबाजूच्या शेतांत तरी दिसतील म्हणाल, तर तिथेही मेच्या मध्यापर्यंत फुलांची मुंडकी छाटून टाकलेली असतात. तिथल्या शेतकऱ्याला फूल विकायचं नसतं, कंद विकायचा असतो. फूल काढलं की सगळा जीव खाली कंदात उतरतो. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कांद्याला डेंगळे आले की कांदा पोसत नाही, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल.

जाहिरात खोटी आहे असं मी म्हणत नाही. फोटो एप्रिलचा आहे आणि तुमची तारीख मेची आहे, एवढंच. पण कुणी मे महिन्यात कास पठारावर जाऊन सीतेची आसवं शोधायला लागला तर आपण त्याला काय म्हणू? तिथे फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात, हे आपल्याला पाठ असतं. युरोपचं म्हटलं की मात्र आपण धरून चालतो की तिथे बारा महिने सगळं फुललेलं, उघडं आणि हिरवंगार असणार. मुलांच्या शाळा असताना मे महिना ही आपली गरज होती. तुम्ही दोघं आता निवृत्त आहात. त्या सुट्टीच्या कोष्टकातून सुटलात हे अजून तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आता यजमानांकडे वळते, कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यांचं आहे. ते सहलीला नाही म्हणत नाहीयेत, बसला नाही म्हणतायत. त्यांना एक विचारा: नोकरीला लागले तेव्हा घाटात "खेकडा" इंजिनं होती का? मला वाटतं, त्यांनी ती नक्की बघितली असणार, कदाचित त्यावर असिस्टंट म्हणून कामही केलं असेल. दोन्ही बाजूंना लांब नाकं, मध्ये केबिन, पुढच्या दांड्या खेकड्याच्या पायांसारख्या हलायच्या. भोर घाटात आणि थळ घाटात, म्हणजे तुमच्या कसारा घाटात, मालगाड्या ओढायला ती विजेची इंजिनं १९२८पासून आली, आणि त्यांतली पहिली स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूर गावच्या कारखान्यात बनली होती. स्विस लोकांनी आपल्या आल्प्सच्या घाटांसाठी जी इंजिनं केली, त्याच जातीची ही. तिकडे त्यांना मगर म्हणतात. आपण खेकडा म्हटलं, कारण सह्याद्रीत मगरीपेक्षा खेकडा ओळखीचा.

म्हणून माझं उत्तर असं: ॲडव्हान्स भरू नका. नऊ देश सोडा, एक देश घ्या, स्वित्झर्लंड. शेवटी इटलीचं एक टोक. तारीख २२ जूनच्या पुढची, साधारण दोन आठवडे. या एका पंधरवड्यात तुमची फुलं आणि त्यांच्या गाड्या एकाच डोंगरावर भेटतात.

कशा, ते सांगते. इंटरलाकेनच्या शेजारी विल्डर्सविल नावाचं छोटं गाव आहे. तिथून १८९३ साली सुरू झालेली दातेरी रुळांची गाडी (रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवत चढणारी) शिनिग प्लाटे नावाच्या पठारावर जाते. लाकडी बाकांचे जुने डबे, चढायला पाऊण तासाच्या वर वेळ, वरचं स्टेशन १,९६७ मीटरवर. स्टेशनाला लागूनच आल्प्सच्या रानफुलांची बाग आहे, शेकडो जातींची. एडेलवाइस, निळ्या रंगाचं जेन्शियन, आल्प्सचं लाल रोडोडेंड्रॉन. शहरातल्या बागेसारखे वाफे आखलेले नाहीत, डोंगरावर ज्या खडकात जे उगवतं त्याच खडकात ते राखलेलं आहे. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही तीन शिखरं उभी. तुमच्या गुडघ्यांना फार चढउतार नाही, बाकं जागोजागी आहेत. तुम्ही फुलं बघा, यजमान स्टेशनावर बसून गाड्या बघतील. फलाटावर बसायची त्यांची इच्छाही पूर्ण होईल. गंमत म्हणजे ही गाडी जून लागल्याशिवाय सुरूच होत नाही, वर बर्फ असतं. १८ मेला तीही बंदच.

जवळच ब्रियेन्झ तळ्याच्या काठावरून रोटहॉर्न शिखरावर जाणारी गाडी आहे. १८९२ची, दातेरी आणि अजूनही वाफेच्या इंजिनावर चालणारी. इंजिनं पुन्हा विंटरटूरचीच. (उटीच्या गाडीची जुनी वाफेची इंजिनंही त्याच कारखान्यातून आलेली. यजमानांना हे माहीत असेल तर माझ्याकडून त्यांना सलाम.) हीसुद्धा जून ते ऑक्टोबर.

विल्डर्सविलला सहा रात्री मुक्काम करा. एकाच घरात, एकाच पलंगावर. रोज सकाळी बॅग भरायची नाही, हीच तुमच्या वयाला खरी चैन. सहा दिवसांतले दोन पावसात जातील असं धरून चाला. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमतात आणि गडगडाटी सर येते, म्हणून डोंगरावरची गाडी सकाळची पकडायची. निघण्यापूर्वी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र मोबाइलवर बघायचं आणि मगच तिकीट काढायचं. हा धडा मी पैसे मोजून शिकलेय. एका नोव्हेंबरात, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून, मी ल्युत्सर्नला गेले होते. चार दिवस धुकं. तळं दिसलं नाही, डोंगर दिसला नाही, अर्ध्या रोपवे दुरुस्तीसाठी बंद, साडेचारला काळोख. हॉटेलच्या खोलीत डोंगराचा मोठा फोटो लावलेला होता, तो मात्र अगदी स्वच्छ दिसत होता. जूनअखेरीला याच देशात रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो. म्हणजे दुपारी दोन तास आडवं होऊनही दिवस उरतो.

युंगफ्राऊयोखचं काय, हे मुलगा विचारेलच, कारण सगळ्या जाहिरातींत तेच असतं. ३,४५४ मीटरवरचं युरोपातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, १९१२ साली डोंगर पोखरून नेलेली गाडी. इंजिनिअरिंग म्हणून अचाट आहे. पण तिकीट फार महाग, वर गर्दी, आणि त्या उंचीवर धाप लागते. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. आभाळ निरभ्र असेल आणि यजमानांनी हट्ट धरला तर जा. नाही गेलात तरी माझ्या लेखी काही बिघडत नाही.

विल्डर्सविलहून पुढे आंडरमाटला दोन रात्री. ही दोन दिवसांची वाकडी वाट फक्त यजमानांसाठी आहे, पण गोष्ट अशी आहे की तुम्हालाही आवडेल. फुर्का घाटातली जुनी रेल्वे दर हिवाळ्यात बर्फामुळे बंद पडायची. १९८२मध्ये खालून १५ किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि वरचा मार्ग सोडून दिला. रूळ उखडले जाणार होते. तेवढ्यात रेल्वेवेड्या लोकांनी संघटना काढली, स्वतःच्या सुट्ट्या खर्च करून मार्ग दुरुस्त केला. मग लक्षात आलं की या मार्गाची मूळ वाफेची इंजिनं पूर्वीच व्हिएतनामला विकलेली आहेत. तर ते व्हिएतनामला गेले आणि १९९०मध्ये गंजलेली इंजिनं जहाजाने परत घेऊन आले. आता रेआल्प ते ओबरवाल्ड असा साधारण १८ किलोमीटरचा मार्ग पुन्हा चालतो, तिकीट तपासनिसापासून फायरमनपर्यंत बहुतेक सगळे स्वयंसेवक. गाडी जूनच्या अखेरीपासून धावते आणि रोज नसते, तेव्हा वेळापत्रक बघूनच आंडरमाटचे दिवस ठरवा. तिथल्या एखाद्या फायरमनशी यजमानांची भाषा जुळणार नाही, पण फावडं हातात कसं धरलंय यावरून एकमेकांची ओळख पटेल.

त्यानंतर ग्राउब्युंडेन भागात बर्ग्युन नावाचं खेडं, चार रात्री. स्टेशनाच्या बाहेरच मगर उभी आहे. खरीखुरी, तपकिरी रंगाची, आपल्या खेकड्याची धाकटी चुलत बहीण, कारण ती अरुंद रुळांवरची. शेजारी रेल्वेचं संग्रहालय. आणि गावाच्या वर आल्बुला मार्गाचा तो प्रसिद्ध तुकडा: प्रेडा ते बर्ग्युन एवढ्याशा अंतरात सुमारे ४०० मीटर उतरायचंय, म्हणून गाडी डोंगराच्या पोटात गोल फिरते, बाहेर येते, स्वतःच्याच मार्गावरून पलीकडे जाते, पुन्हा आत शिरते. तेच चर्च एकदा डावीकडे दिसतं, एकदा उजवीकडे. हा मार्ग आणि पुढचा बेर्निना मार्ग २००८पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

कसारा घाटाचा चढ किती, हे यजमान झोपेतही सांगतील: सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय गाडी वर येत नाही. बेर्निनाचा चढ साधारण चौदास एक आहे. दातेरी रूळ नाहीत, बँकर नाही, साधी चाकं साध्या रुळांवर. हे वाक्य त्यांना वाचून दाखवा आणि चेहरा बघा. टीव्हीसमोरून उठतील.

बेर्निनाची गाडी सेंट मॉरिट्झहून निघते, २,२५३ मीटरवर घाटमाथा ओलांडते आणि इटलीतल्या तिरानो गावात ४२९ मीटरवर उतरते. वर हिमनद्या, खाली चेस्टनट आणि ताडाची झाडं, मध्ये दोन-सव्वादोन तास. माथ्यावर दोन तळी आहेत, एक काळसर, एक दुधाळ. काळ्या तळ्याचं पाणी डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जातं आणि शेजारच्या पांढऱ्याचं एड्रियाटिक समुद्रात. तुमच्याकडे त्र्यंबकच्या डोंगरात हेच आहे ना, गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे आणि वैतरणा पश्चिमेला. घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाला ही जागा परकी वाटणार नाही. खाली ब्रुसिओला गाडी उघड्या मैदानात दगडी कमानींवरून पूर्ण गोल फिरते, आणि तिरानोत शिरताना ट्रॅमसारखी रस्त्यावरून चालते.

इथे पैसे वाचवायची एक गोष्ट. "ग्लेशियर एक्स्प्रेस" आणि "बेर्निना एक्स्प्रेस" ही नावं सगळीकडे विकली जातात. डबे छान आहेत, छतापर्यंत काचा आहेत, पण रेल्वेचा पास असला तरी आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात आणि काचा उघडत नाहीत. त्याच रुळांवर साध्या पॅसेंजर गाड्याही धावतात. आरक्षण लागत नाही, मधल्या स्टेशनावर उतरून चहा पिऊन पुढची गाडी पकडता येते, आणि काही डब्यांची खिडकी खाली ओढता येते. ज्या माणसाने आयुष्यभर खिडकीबाहेर डोकं काढून सिग्नल बघितला, त्याला बंद काचेत बसवू नका. पास स्विस ट्रॅव्हल पास घ्या, १५ दिवसांचाही मिळतो. साध्या गाड्या, बस, तळ्यातल्या बोटी त्यात येतात. डोंगरावरच्या बऱ्याच गाड्यांना मात्र सवलतच मिळते, पूर्ण माफी नाही.

शेवटी तिरानोहून साध्या गाडीने कोमो तळ्याच्या काठाकाठाने मिलान, तिथे दोन रात्री, आणि विमान तिथूनच परतीचं. मुलाला सांगा, तिकीट जाताना झुरिकचं आणि येताना मिलानचं काढ. जुलैत मिलानला उकाडा असतो, पण मिलानहून खाली रोम-फ्लोरेन्सला जाण्याइतका नाही. लिओनार्दोचं "शेवटचं भोजन" हे भित्तिचित्र बघायचं असेल तर तिकीट महिना-दोन महिने आधी. आत एका वेळी पंधराच मिनिटं उभं राहू देतात.

नणंदबाईंना काय सांगायचं? "एकदाच जायचं तर सगळं" हा हिशेब मांडून बघा. १४ दिवसांतले दोन विमानात गेले. उरलेल्या १२ दिवसांत ९ देश, म्हणजे एका देशाला दीड दिवसही नाही, आणि त्यातले कित्येक तास महामार्गावर. युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं, कायदाच आहे. तुम्हाला सगळ्यात जास्त आठवणीत राहतील ते पेट्रोल पंपावरचे थांबे. तरी ग्रुप टूर वाईटच असं मी म्हणणार नाही. जेवणाची काळजी नसते, भाषेची भीती नसते, सोबत मिळते. नणंदबाईंनी जरूर जावं. ट्यूलिपच बघायचे असतील तर एप्रिलच्या मध्याची तारीख मागावी, चित्रं बघायची असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत ॲमस्टरडॅम नाहीतर व्हिएन्नाला जावं, संग्रहालयांत गर्दी कमी असते. जुलै-ऑगस्टात स्पेनच्या दक्षिणेला जाऊ नये, सेव्हिलला पारा चाळिशीवर जातो.

तुमच्या ट्यूलिपचं दुःख मला कळतंय. पण आल्प्सची रानफुलं आणि ट्यूलिप एकाच प्रवासात बसत नाहीत, मध्ये दोन महिने आहेत. ट्यूलिपसाठी एखाद्या एप्रिलात श्रीनगरला जा. दल सरोवराच्या वरची बाग २००७मध्ये सुरू झाली, व्हिसा लागत नाही, आणि ट्यूलिपच्या मूळ मुलखाला तर श्रीनगर हॉलंडपेक्षा जवळच आहे.

खर्च? हे सगळं टूरपेक्षा स्वस्त पडेल असं मी म्हणणार नाही, स्वित्झर्लंड खिसा कापणारा देश आहे. हॉटेलात रोज दोन वेळ जेवलात तर बजेट कोलमडेल. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. तांदूळ, डाळ, भाज्या, दही तिथल्या दुकानांत मिळतं. इथून पोहे, भाजणी, मेतकूट, मसाले न्या. साजूक तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. रविवारी बहुतेक दुकानं बंद, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी. रस्त्यावरच्या दगडी हौदाचं पाणी, पिऊ नये अशी पाटी नसेल तर, खुशाल बाटलीत भरा.

व्हिसाचं आत्ताच बघा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते. फेब्रुवारीत अर्ज टाका. जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, म्हणून अर्ज स्विस व्हिसाचा. इटली त्यातच येते. फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तुमच्या वयाला विमा घेताना आधीचे आजार लपवू नका, नाहीतर ऐनवेळी विमा असून नसल्यासारखा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी चालायला हवा.

मुक्कामाची घरं तुम्ही आणि मुलाने शोधा. गाड्यांचं वेळापत्रक मात्र संपूर्णपणे यजमानांच्या हाती द्या, वही आणि लाल-निळं पेन देऊन. स्विस रेल्वेच्या ॲपवर प्रत्येक गाडीची मिनिटाची वेळ आणि फलाट क्रमांक असतो. एक गाडी पोचते आणि सहाव्या मिनिटाला समोरच्या फलाटावरून जोडगाडी सुटते, सबंध देश असाच बांधलेला आहे. घाटात बँकरची वाट बघत उभं राहिलेल्या माणसाला त्या सहा मिनिटांवर विश्वास ठेवायला पहिले दोन दिवस जड जाईल. तेवढे दोन दिवस तुम्ही त्यांच्याबरोबर अर्धा तास आधी फलाटावर जाऊन बसा.